पाण्याला नकाशा वाचता येत नाही

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी दोन महिने माझ्या अंगणात धान कापत होतो आणि त्याला लॉन म्हणत होतो. ही गोष्ट फुलचूरच्या आमच्या कॉलनीत अजून सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी दोनाचे तीन महिने करतो. म्हटलं, आपणच लिहून टाकावी. निदान महिने तरी बरोबर राहतील. शिवाय ही गोष्ट माझी कमी आणि लंजेकाकाजींची जास्त आहे, आणि काकाजी आता नाहीत. असते तर त्यांनी चार महिने केले असते.

घर नवं होतं. खालची जमीन म्हणजे जुनी बांधी. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेल्या धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. धुरे मोडून, वर मुरूम टाकून तिथं प्लॉट पाडले होते. मी पाटबंधाऱ्यांच्या नोकरीतून निवृत्त झालेला इंजिनिअर. आयुष्यभर कागदावर उतार काढले, त्यामुळे निवृत्तीनंतर आपलं स्वतःचं लॉन असावं अशी हौस. इंटरनेटवरून बियाणं मागवलं. पाकिटावर एका गोऱ्या बाईचे गोरे पाय हिरव्या गवतात उभे होते. आषाढात पेरलं आणि श्रावणात अंगण असं हिरवंगार झालं की मी रोज सकाळी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू लागलो. दर चौथ्या दिवशी गवत कापायचं मशीन फिरवायचो. गवत जरा जोमानंच वाढत होतं. पण परदेशी बियाणं आहे, जोम असणारच, असं मी आमच्या हिला समजावलं.

भाद्रपदातल्या एका सकाळी फाटकापाशी एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून उभे दिसले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, गुडघ्याखाली जेमतेम पोचणारं धोतर, खांद्यावर दुपट्टा, आणि पाय अनवाणी. हेच लंजेकाकाजी.

"कोनतं वाण लावलं जी?" त्यांनी विचारलं.

मी वाणाचं नाव सांगितलं. थोडं ऐटीत सांगितलं.

"असं का," म्हणाले. मग आत आले, तुळशीमागच्या कोपऱ्यात गेले. तिथं मशीन पोचत नसे, त्यामुळे गवत कमरेएवढं वाढलं होतं. त्यातली एक काडी त्यांनी ओढली. तिला लोंबी होती, लोंबीला लांब कुसळं. ती माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "आमच्याकडं याले करगा म्हनतेत. धानच होय, पन जंगली. दाना पिकला का लगेच गळून जाते. तुमचं इंग्लंडचं बी उंदरानं खाल्लं असन. हे जुन्या बांधीतलं होय, आपोआप निघालं."

दोन महिने! खत घालून, पाणी घालून, फोटो काढून मी धानाच्या शेतकऱ्याचा सगळ्यात जुना वैरी वाढवला होता.

"आता उपटा," काकाजी म्हणाले, "लोंबी गळली तं नातीच्या लग्नापर्यंत निघत राहीन."

लग्नाचा शब्द निघाला आणि स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "काकाजी, तुम्हीच सांगा यांना! पोरीचं साक्षगंध लॉनवर करतो म्हणून यांनी नागपूरला कबूल करून ठेवलं आहे!"

तर हे असं होतं. आमच्या प्राचीचं लग्न नागपूरला ठरलं होतं. व्याही तालेवार माणूस; साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, नागपूरचा एक मोठा हॉल त्यांनी मनात धरला होता. मी फोटो पाठवून पाठवून त्यांना गप्प केलं होतं. "आमच्या लॉनवरच होऊन जाऊ द्या," हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा बोललो होतो की प्राचीनंही मैत्रिणींना तेच सांगितलं. मुहूर्त मार्गशीर्षातला होता. मुहूर्त पक्का आणि लॉन खोटं.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग सायकल स्टँडवर लावली. ती सायकल त्यांना चालवताना मी कधीच पाहिली नाही. कायम हातात धरून चालत. विचारलं तर म्हणत, "सोबतीले हाय." त्या दिवशी ती स्टँडवर लागली, ती मार्गशीर्षापर्यंत जवळपास रोज आमच्याकडेच लागत होती.

काकाजी दोन गल्ल्या सोडून मुलाकडं राहत. मुलाचं घर देखणं होतं, पण सगळीकडं टाइल्स. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत माती म्हणून औषधाला नव्हती. "पोरानं चांगलं बांधलं जी," ते म्हणत, "पन पाय कोठी ठिवावं?" म्हणून रोज सकाळी सायकलीला सोबत घेऊन ते कॉलनीतली दुसऱ्यांची अंगणं पाहत हिंडायचे. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. सौंदडकडच्या त्यांच्या गावचा तलाव त्यांच्या वाडवडिलांनी खोदला, आणि ते अशा सुरात सांगत, जणू परवाच खोदला अन् कंबर अजून दुखून राहिली आहे.

त्यांच्या लेखी लॉन हा शब्दच नव्हता. शेवटपर्यंत ते त्याला बांधीच म्हणाले. आणि बांधीत चप्पल घालून शिरायचं नाही, हा पहिला नियम. मला, बायकोला, गॅस सिलिंडरवाल्याला, सगळ्यांना लागू. स्वतः अनवाणी टाच रोवत चालायचे आणि टाचेनंच जमीन वाचायचे. "अठी पानी थांबते. अठी दगड हाय. अठी तुमी खुर्ची टाकून बसता, माती दबली, तिचा दम कोंडला." तिथं लगेच सब्बल, म्हणजे पहार, घेऊन वीतवीत अंतरावर भोकं पाडायचे आणि त्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत भरायचे.

पितृपक्षात आम्ही करगा उपटला. उपटून झाल्यावर अंगण सपाट करायचं काम निघालं, आणि इथं मात्र मी पुढं झालो. माझा विषय! जुन्या सहकाऱ्याकडून लेव्हल पाहायची दुर्बीण मागून आणली, तिवई लावली, आमच्या हिला मोजपट्टी धरून अंगणभर उभी केली, आणि उताराचा रीतसर नकाशा काढला. काकाजी पायरीवर बसून तंबाखू चोळत पाहत होते.

"कायले इतकी मेहनत करून राहिले साहेब? पानी सोडा नं. दिसते आपोआप."

"काकाजी, हे शास्त्र आहे."

"आसन. पन पान्याले नकाशा वाचता येत नाही जी."

मी नकाशाप्रमाणे माती हलवून घेतली. आता कबुलीजबाब. त्या दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा मोठा दिसला म्हणजे जागा खोल असते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण माझी निम्मी नोकरी टेबलावर गेलेली. मी मोठा आकडा म्हणजे उंच जागा असं धरलं, खोल होतं तिथलं आणखी खणलं आणि उंच होतं तिथं भर घातली. तीन दिवसांनी हस्ताचा पाऊस झाला. अंगणातलं सगळं पाणी शिस्तीत, एका रांगेत, आमच्या व्हरांड्यात आलं. माझ्या चपला दाराशी तरंगत होत्या.

काकाजी आले. पाण्यातून चालत पायरीपर्यंत आले. मला वाटलं, आता ऐकवतील. त्यांनी फक्त चपला उचलून कट्ट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, "पानी आलंच हाय तं कामाले लावू."

मग मी ते पाहिलं, जे मला कॉलेजात कोणी दाखवलं नव्हतं. त्यांनी अंगणाच्या कडेनं मातीचा बोटभर उंच धुरा घातला. आत बोटभर पाणी ठेवलं. पाणी स्थिर झालं. जिथं माती पाण्याबाहेर राहिली ती उंच, जिथं आभाळ खोल दिसलं ती खोल. फावड्यानं इकडची तिकडं ओढली, लाकडी फळी फिरवली, पुन्हा पाणी स्थिर होऊ दिलं. दोन सकाळींत अंगण आरशासारखं झालं. शेवटी रस्त्याकडच्या कोपऱ्यात त्यांनी टाचेनं धुरा फोडला आणि सगळं पाणी गुपचूप निघून गेलं. माझा नकाशा आमच्या हिनं फराळाच्या डब्याखाली अंथरला. तेलकट झाला, पण उपयोगी पडला.

आता गवत. बियाणं म्हटलं की मी मान खाली घालत असे, म्हणून काकाजींनीच ठरवलं: तलावाच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, हरळी आणायची. दसऱ्यानंतर सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही सौंदडला उतरलो आणि तिथून पायी त्यांच्या गावच्या तलावावर गेलो. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापणीला आला होता. पाळीखालच्या बांध्यांत बायका विळे घेऊन वाकल्या होत्या.

पाळीवर चढताना काकाजींनी हात मातीला लावून कपाळाला लावला. मग खुरप्यानं एक वीतभर हरळी काढली, एक वीत सोडली, पुन्हा वीतभर काढली. मला म्हणाले, "असंच करा. सलग काढू नोका."

मी मनात हिशेब लावला, की अर्धं सोडत बसलो तर संध्याकाळ होईल आणि मुहूर्ताला जेमतेम सात आठवडे आहेत. काकाजी पलीकडं गेले तसा मी सपाटा लावला. चांगली तीन हात लांब पट्टी चटईसारखी गुंडाळली. गुंडाळताना फार समाधान वाटलं. मागे वळलो तर काकाजी उभे.

त्यांचा रागावलेला चेहरा मी तेव्हा एकदाच पाहिला.

"पाळ उघडी केली तुमी," ते म्हणाले. "पुढच्या पावसात अठून माती जाईन. माती गेली तं पानी जाईन. पानी गेलं तं या बाया काय कापतीन? तुमी पाटबंधाऱ्याचे साहेब नं?"

मी पट्टी उलगडू लागलो.

"अशी नाही. एक-एक काडी लावा."

आणि मी गुडघ्यांवर बसून, नवी पँट घालून, पाळीवर हरळीची एकेक काडी पुन्हा लावू लागलो. खाली बायकांचे विळे थांबले.

"का जी काकाजी," एकीनं ओरडून विचारलं, "साहेब दसऱ्यात रोवना करून राहिले का?"

"दाटून लावा जी साहेब, नाही तं पीक पातळ येईन!" दुसरी म्हणाली.

तिसरीनं रोवणीचं गाणंच सुरू केलं आणि सगळ्या जणी मागून म्हणू लागल्या. काकाजींनी दुपट्टा तोंडाला लावला. हसत होते की काय, ते त्यांनी मला दिसू दिलं नाही. संध्याकाळच्या गाडीत आमच्याजवळ हरळीची दोन पोती होती, आणि समोरच्या प्रवाशानं फार आपुलकीनं विचारलं, "गाय कोठी हाय तुमची?"

हरळी लावली, ती धरली. दिवाळीपर्यंत दोर पसरू लागले, मातीवर हिरवी जाळी दिसू लागली. व्याह्यांचा फोन आला की मी आता खरं बोलू शकत होतो, पण सवयीनं जास्तच बोलत होतो. "एकदम गालिचा!" मी म्हणायचो. प्राची आतून म्हणायची, "बाबा, गालिचा नाही, अजून तर दोरी आहे."

मध्ये एक प्रकरण झालं. शेजारच्या तिवारी भाभींच्या बदामाची पानं माझ्या कोवळ्या गवतावर पडू लागली. काकाजींचं मत साधं होतं: दंताळ्यानं हलक्या हातानं ओढायची आणि आंब्याच्या बुडाशी रचायची. "पडलं पान फेकता कायले? थंडीत झाडाच्या पायावर पांघरून पायजे." पण मी पानं उडवायचं मशीन मागवून बसलो होतो. दिवाळीच्या सकाळी ते सुरू केलं. ओली बदामाची पानं जागची हलली नाहीत. पण कुंपणापलीकडं भाभींनी पहाटेपासून बसून काढलेली मोराची रांगोळी होती.

"भाईसाब!" भाभी दारात येऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या. "मेरा मोर कहाँ गया?"

मोर माझ्या व्हरांड्यावर, भिंतीवर आणि चष्म्यावर होता.

काकाजी फाटकातून हे पाहत होते. "साहेब," ते म्हणाले, "पान तं बसून राहिलं. मोर मात्र उडाला." भाभींनाच हसू फुटलं म्हणून माझी दिवाळी वाचली. ते मशीन मी अजून माळ्यावरून काढलेलं नाही.

दिवाळीनंतर काकाजी आठ दिवस गावाला गेले. उशिरा पिकणारा भारी धान कापणीला आला होता. जाताना मला सांगून गेले, "पानी सकारी द्या. बाकी हाताची घडी घालून बसा. काईच करू नोका. तुमाले जड जाईन, पन करू नोका."

पाच दिवस मी हातांची घडी घातली. सहाव्या दिवशी व्याह्यांचा फोन आला: "आम्ही पन्नास माणसं येतोय. लॉन पुरेल ना? नाही तर अजूनही हॉल बघता येईल." फोन ठेवला आणि अंगणाकडं पाहिलं. मधूनमधून माती दिसत होती. समारंभाला दहा दिवस. आणि दुकानात युरिया मिळतो.

मी मुठीनं फेकला. भर दुपारी, कोरड्या मातीवर. फेकताना मला बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचं चित्र आठवत होतं. तिसऱ्या दिवशी अंगणात पिवळी वर्तुळं उमटली, थाळीएवढी. माझी मूठ जिथं जिथं उघडली होती, तिथं तिथं एक.

काकाजी आले आणि वर्तुळं मोजत अंगणभर फिरले. मी म्हणालो, "काकाजी, मी हॉलला फोन करतो. चुकलं माझं." खिडकीत प्राची उभी होती. ती तिथून बाजूला झाली, ते मला फार लागलं.

"फोन कोनाले नाही करायचा," काकाजी म्हणाले. "पानी सोडा. भरपूर. विष धुवून जाऊ द्या." तीन दिवस पाणी भरायचं आणि कोपऱ्यातून काढून द्यायचं, हेच चाललं. बाकीचं गवत वाचलं, खरोखरच गालिचा झालं. पण ती वर्तुळं तेवढी पिवळीच राहिली. पोरीच्या मुहूर्तापर्यंत ती हिरवी होणार नाहीत, हे त्यांनी टाच ठेवून सांगितलं. मग विचार करत म्हणाले, "बरं. माह्या घरून पाहुने आनतो."

समारंभाच्या सकाळी फाटकासमोर एक छोटा टेम्पो थांबला. आत धानाच्या पेंढ्या, त्यांच्या शेतातल्या नव्या भारी धानाच्या, लोंब्या सोनेरी लोंबत असलेल्या. काकाजींनी प्रत्येक वर्तुळावर एक पेंढी उभी केली, वर दुपट्ट्याच्या चिंधीनं बांधली, बुडाशी झेंडू ठेवला. लांबून पाहिलं तर अंगणात सोन्याची माणसं उभी असल्यासारखी दिसत होती. तिवारी भाभींनी त्यांच्यामधून मोर काढून दिला, मशीन माळ्यावर आहे याची खात्री करून.

व्याही आले. सूट, चकचकीत काळे बूट, मागे पन्नास माणसं. आणि फाटकात काकाजी आडवे.

"जोडे काढा जी."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी झाडाकडं पाहिलं. "बांधी नवी हाय," काकाजी शांतपणे म्हणाले, "अन् पोरगी तुमच्या घरी येऊन राहिली. तिच्या अंगनात जोडे घालून कायले जाता?"

व्याही वाकले आणि नाड्या सोडू लागले. मागे पन्नास माणसं वाकली.

पण व्याह्यांचा चेहरा काही खुलला नव्हता. मोजे घालून ते गवतावर इकडं तिकडं फिरले, एका पेंढीपाशी थांबले. "थीम चांगली आहे," त्यांनी मान्य केलं. "डेकोरेशन कोणाला दिलं होतं?"

मी ऐटीत तोंड उघडलं. माझ्याआधी मागून उत्तर आलं.

"युरियाले."

व्याह्यांनी काकाजींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि वाकून पेंढी उचलली. खाली पिवळं वर्तुळ. त्यांनी दुसरी उचलली. तिथंही. मला वाटलं, आता हॉलचं निघणार, आता सगळंच बिघडणार. प्राचीनं साडीचा पदर घट्ट धरला होता.

"कशानं टाकला?" व्याह्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मुठीनं," मी म्हणालो.

त्यांनी पेंढी जागेवर ठेवली, नीट उभी केली, झेंडूही सरळ केला. "मी घमेल्यानं टाकला होता," ते म्हणाले. "आमच्याकडं लॉनच राहिलं नाही. फरशी बसवली. म्हणून तर हॉल म्हणत होतो."

त्यानंतर त्यांनी मोजेही काढले. अंगठ्या घालून होईपर्यंत ते काकाजींशेजारी बसून सब्बल किती खोल मारायची ते विचारत होते, आणि फोटोवाला त्यांना उठवून उठवून थकला. प्राची हसत होती. फोटोंत सगळ्यांच्या मागे एकेक पेंढी आहे, एखाद्या वऱ्हाडी नातेवाइकासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो परत आला. पेंढ्या मळायला गावी न्यायच्या होत्या. "खायचा धान होय, शोभेचा नाही," काकाजी म्हणाले. मी म्हटलं, दोन दिवस थांबा. म्हणाले, मळणी संपली की येतो. पण त्या थंडीत ते गावातच राहिले, आणि नंतर मुलाकडून ते गेल्याचा निरोपच आला. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं: पेंढ्यांच्या ढिगावर पाठमोरे बसलेले, टेम्पो गल्लीच्या वळणावर, आणि वळताना वरची एक पेंढी रस्त्यावर पडली. त्यांनी टपावर थाप मारून टेम्पो थांबवला, उतरले, पेंढी उचलली, डांबरावर सांडलेले दाणे बोटांनी गोळा करून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि पुन्हा वर चढले. मी फाटकातून जोरजोरात हात हलवत होतो. त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं ते समोरून येणाऱ्या दूधवाल्याचं. त्याला वाटलं, मी त्यालाच बोलावतोय. त्या दिवशी आमच्याकडं दोन लिटर दूध जास्त आलं.